वाजवून घेतलेले विमान

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आमचे धारणी हे गाव मेळघाटच्या पोटात आहे. अमरावतीहून निघून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल अशी घाटवळणे घेत यावे, तेव्हा ते भेटते. या बाजूच्या माणसांना विमान म्हणजे आजवर सागाच्या शेंड्यांवरून ओढली जाणारी एक पांढरी रेघ, यापलीकडे फारसे काही नव्हते. परंतु १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले, मुंबईचे उतारू-विमान तेथे उतरले आणि ती रेघ एकदम जमिनीवर आली. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा मुंबईस नोकरीला आहे. त्याने आईस या विमानाने नेण्याचा बेत केला. तिकीट हाती आले त्या संध्याकाळी मावशी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काहो गुर्जी, इमान कायचं राह्यते? पत्रा चांगला जाड राह्यते ना?"

मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविले आहे. खोटे सांगणे जिवावर आले. मी म्हटले, "मावशी, जाड नसते. तुमचा भाकरीचा तवा त्याहून जाड. धातूच्या मोठ्या विमानाची कातडी पुष्कळ ठिकाणी एका मिलिमीटरच्या आसपास असते." मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "मंग थे मजबूत कायनं राह्यते?"

आजचे माझे भाषण म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचे, ओसरीवर देता न आलेले, सविस्तर उत्तर आहे.

जाड पत्र्याचे विमान करता येईल. ते उडणार मात्र नाही. विमानविद्येत प्रत्येक शेर वजनाचे भाडे इंधनाच्या रूपाने भरावे लागते. म्हणून पूल बांधणारा स्थापत्यविशारद ज्या उदारपणाने चुना, दगड व लोखंड ओततो, तो उदारपणा विमान बांधणाऱ्यास परवडत नाही. सगळ्या आयुष्यात विमानावर जास्तीत जास्त जो भार येईल असे गणिताने ठरते, त्याच्या दीडपट भार त्याने सोसला पाहिजे, एवढाच नियम. दीडपट! आमच्या खेड्यातील सुतारसुद्धा बाज विणताना याहून अधिक सावधगिरी बाळगतो. तेव्हा विमानाची सुरक्षितता जाडीत नाही, ती दुसऱ्या कोठे तरी आहे. कोठे आहे, हे मनुष्याने मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानात उतरले, ती आपल्या देशी विमानवाहतुकीची पहाट. ज्या पस मॉथ जातीच्या विमानातून ते आले, त्याचे धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडाचे आणि वरचे पांघरूण कापडाचे होते. त्याच काळात या जातीची काही विमाने हवेतच पंख मोडून पडली आणि पुढे आधाराच्या दांड्यांना जादा टेकू देऊन तो दोष दूर करावा लागला. लाकूड वाईट, असे मात्र कोणी समजू नये. वजनाच्या मानाने चांगले लाकूड पुष्कळ धातूंना हार जात नाही, हे आम्हा मेळघाटच्या लोकांना कोणी सांगावयास नको. लाकडाचा अवगुण निराळाच आहे. ते आतून कुजते आणि बाहेरून हसत राहते.

हा अवगुण ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात जगजाहीर झाला. फोकर जातीचे एक उतारू-विमान पंख तुटून कोसळले व आतील आठही माणसे गेली. त्यांत न्यूट रॉक्नी हा त्या देशातील अत्यंत लोकप्रिय फुटबॉलगुरू होता; त्यामुळे देशभर हलकल्लोळ झाला. पंखाच्या आतील लाकडी तुळया सरसाने जोडलेल्या होत्या. ओल शिरून तो सरस सुटला असावा, असा निष्कर्ष निघाला. आता तशा सर्व विमानांचे पंख तपासणे प्राप्त झाले. पण तपासावयाचे कसे? वरचे लाकडी आवरण उचकटल्यावाचून आतले दिसेना, आणि ते उचकटणे व पुन्हा बसविणे इतके खर्चाचे ठरले की, कंपन्यांनी लाकडाचा नाद सोडला. दोन वर्षांतच सर्वस्वी धातूची नवी उतारू-विमाने आकाशात दिसू लागली.

या धातूची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. शुद्ध अॅल्युमिनिअम हलके खरे, पण मऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाने त्यात थोडे तांबे मिसळून ते तापविले, एकदम थंड केले आणि बाजूला ठेवले. काही दिवसांनी पाहतो तो ते आपोआप कठीण झालेले! मुरलेल्या लोणच्याप्रमाणे मुरलेला हा धातू म्हणजे ड्युरॅल्युमिन. १९४९ साली नागपूर हे रात्रीच्या विमानटपालाचे मध्यवर्ती ठिकाण झाले आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री तेथे येऊन थैल्यांची अदलाबदल करू लागली. त्या सेवेतील डाकोटा विमाने याच घराण्यातील होत. त्यांचा सांगाडा उघडा, प्रामाणिक. ठोकर लागली की पोचा दिसे, गंज चढला की पांढरी भुकटी दिसे. धातूने काही लपविले नाही, निदान तेव्हा तरी तसे वाटले.

डाकोटा खालून उडत आणि त्यांच्या पोटात हवा कोंडलेली नसे. उंच उडावयाचे म्हटले की गोष्ट बदलते. पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जेमतेम पाव उरतो. तेथे माणूस जगू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत दाबाने हवा भरावी लागते. या आतल्या-बाहेरच्या तफावतीचा हिशेब केला, तर कातडीच्या प्रत्येक चौरस फुटावर आतून सुमारे पाचशे किलोग्रॅमची ढकल बसते. तुम्ही ज्या इवल्या खिडकीला डोके टेकून झोपता, तिच्यावर आतून एक दणकट बैल रेलून उभा आहे असे समजा. विमान वर गेले की फुगते, खाली आले की आकसते. एका फेरीस एक श्वास. लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच पुनःपुन्हा वाकवीत राहिले म्हणजे तुटते, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

इंग्रजांनी बांधलेले कॉमेट हे जगातील पहिले जेट उतारू-विमान २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला निघाले, तेव्हा त्याच्या वेगाची व देखणेपणाची वाहवा झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, एक कॉमेट कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून उडाले आणि काही मिनिटांतच वावटळी वादळात सापडून मोडून पडले. त्रेचाळीस माणसे गेली. चौकशीत वादळी झोतांनी सांगाडा मोडल्याचे ठरले. त्यापुढील वर्षी १० जानेवारीस रोमहून निघालेले दुसरे कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटाच्या समुद्रात पडले. त्या दिवशी तेथे वादळ नव्हते. पस्तीस माणसे गेली. विमाने थांबविण्यात आली, जे जे सुचले ते ते सुधारले, मार्चच्या अखेरीस पुन्हा उड्डाणे सुरू झाली, आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात तिसरे पडले. आणखी एकवीस गेली.

यापुढे इंग्रज शास्त्रज्ञांनी जे केले ते माझ्या मते विसाव्या शतकातील विज्ञाननिष्ठेचे एक नमुनेदार उदाहरण आहे. आरमाराने समुद्राच्या तळातून एल्बाच्या विमानाचे तुकडे वेचून आणले व फार्नबरो येथील संशोधनसंस्थेत लाकडी सांगाड्यावर ते एकेक करून जुळविले. दुसरीकडे, एक धडधाकट कॉमेट प्रचंड हौदात ठेवून, पंख बाहेर काढून, त्याच्या पोटात पाणी भरावयाचे व उपसावयाचे, पंख वरखाली वाकवावयाचे, असा अहोरात्र उद्योग आरंभिला. पाणीच का? दाबलेली हवा फुटली तर बॉम्बप्रमाणे सर्व उद्ध्वस्त करते आणि भेग कोठून सुरू झाली ते कळत नाही. पाणी फुटत नाही, नुसते गळते. त्या विमानाच्या खऱ्या १,२२१ फेऱ्या झालेल्या होत्या. हौदातील १,८३६ फेऱ्या झाल्यावर त्याचे धड एका खिडकीच्या कोपऱ्यापासून उसवले. एल्बाच्या तुकड्यांतही छतावरील एका चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यात भेगेचे मूळ सापडले. बाळंतिणीच्या पातळाला जेथे काठ संपून दशी सुरू होते तेथेच ते फाटते, तसे कोपऱ्यांत ताण साठतो.

आणि हे विमान बांधणाऱ्यांनी चाचणी घेतली नव्हती असे नाही. धडाच्या एका भागाने त्यांच्याकडे सोळा हजार फेऱ्या सोसल्या होत्या. परंतु त्याच तुकड्याला त्यांनी आधी शक्ती पाहण्यासाठी दुप्पट दाब दिला होता. त्या दाबाने कोपरे किंचित ताणून मोकळे झाले आणि तुकडा नकळत बळकट बनला. परीक्षेस बसलेला विद्यार्थी एक, नोकरीवर गेलेला दुसरा, असा प्रकार झाला.

कॉमेटपासून विमानविद्येने आपला पवित्रा बदलला. तडा जाऊच नये असे विमान बांधू, ही भाषा मागे पडली. तडा जाणारच आहे. तो गेला तरी विमान घरी पोचले पाहिजे, आणि मोठा होण्यापूर्वी तो कोणाच्या तरी डोळ्यांस पडला पाहिजे, अशी नवी भाषा आली. आमच्याकडील बांबू चिरताना बुरूड काय करतो ते पाहा. कोयता सरसर उतरतो, पण प्रत्येक पेराशी अडखळतो. विमानाच्या धडालाही आतून अशी पेरे असतात. गोल कड्या, लांब पट्ट्या, आणि कातडीवर जागोजाग दुहेरी पट्टे. एका घरातली भेग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून ही योजना. एक तुळई गेली तर तिचा भार शेजारणीने उचलावा, अशी एकत्र कुटुंबासारखी रीत आहे ही.

पण पेरे घातली तरी पाहणारा डोळा हवाच. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एक बोइंग ७३७ विमान चोवीस हजार फुटांवर असता त्याच्या पुढच्या भागाचे छप्पर सुमारे अठरा फूट उडून गेले. उतारू उघड्या आकाशाखाली पट्ट्यांनी बांधलेले राहिले. वैमानिकांनी ते तशा स्थितीत उतरविले. पंचाण्णवांपैकी एक परिचारिका मात्र गेली. त्या विमानाच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या, समुद्रावरच्या खाऱ्या हवेत. पत्र्यांचे सांधे रिव्हेटांनी व चिकटद्रव्याने जोडलेले होते. ओल शिरून चिकटद्रव्य सुटले, सगळा ताण रिव्हेटांच्या भोकांवर आला आणि रांगेतील भोकाभोकांतून केसासारख्या भेगा निघून एकमेकींस मिळाल्या. कॅन्ससचा सरस तो हाच, केवळ साठ वर्षांनी! चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. विमानात चढताना दरवाजाजवळ एका उतारू बाईस कातडीवर लांबट भेग दिसली होती. ती कोणास काही बोलली नाही.

श्रोतेहो, हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. ती का बोलली नसेल, हे आपणां प्रत्येकास पुरते ठाऊक आहे. एवढे मोठे विमान, एवढे शिकलेले लोक, मी कोण सांगणार?

जपानमध्ये १२ ऑगस्ट १९८५ रोजी पाचशे वीस माणसे गेली, त्याचे कारण तर सात वर्षांपूर्वीचे एक ठिगळ होते. उतरताना शेपूट घासल्याने मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती झाली होती. जेथे जोडपट्टीने रिव्हेटांच्या दोन रांगा सांधावयाच्या, तेथे पट्टी कापून बसविल्यामुळे खरा भार एकाच रांगेवर राहिला. वरून पाहणाऱ्यास सर्व काही ठाकठीक. त्यानंतर विमानाने बारा हजारांहून अधिक फेऱ्या केल्या, आणि मग भिंत फुटली.

आता बेलोऱ्यास उतरलेल्या विमानाकडे येऊ. ते एटीआर-७२ जातीचे, पंख्यांवर चालणारे, सुमारे सत्तर उतारूंचे. त्याच्याबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे धड बव्हंशी अॅल्युमिनिअमचे असले, तरी पंखाची बाहेरील पेटी, म्हणजे ज्यावर सारे विमान तोलले जाते त्या हाडाचा मोठा भाग, कार्बनच्या तंतूंची आहे. १९८९ साली ही जात वापरात आली, तेव्हा उतारू-विमानांत अशी पेटी प्रथमच येत होती. आपल्याकडचे हे लहानसे, साधे दिसणारे विमान त्या बाबतीत मोठमोठ्या विमानांचे वडीलबंधू आहे.

कार्बनचे तंतू म्हणजे काय? मी मावशींना अंगणातला बांबू दाखविला. बांबूत उभे चिवट धागे असतात व त्यांना धरून ठेवणारा मऊ गर असतो. धागा ताण घेतो, गर त्यास जागेवर ठेवतो. विमानाकरिता केसाहून कितीतरी बारीक असे कार्बनचे धागे इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, थरावर थर देऊन, उष्णतेच्या व दाबाच्या भट्टीत भाजून काढतात. बांबू उभा चिवट, आडवा दुबळा. म्हणून येथे एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा, अशी तट्ट्याच्या विणीसारखी रचना करतात. जेथे ज्या दिशेने ताण येणार तेथे त्या दिशेचे थर अधिक घालता येतात, हे सुख धातूत नाही. बोइंग ७८७, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात, त्याचे वजनाने निम्मे अंग अशा संमिश्र द्रव्याचे आहे. एअरबस ए-३५० चे निम्म्याहून थोडे अधिक. आणि या कामात विदर्भाचाही हात लागला आहे. नागपूरजवळच्या मिहान भागातील टाटांच्या कारखान्यात ड्रीमलायनरच्या जमिनीखालील तुळया या द्रव्याच्याच घडविल्या गेल्या.

याचे गुण मोठे आहेत. ते हलके आहे. ते गंजत नाही. वाकविलेल्या तारेप्रमाणे थकत नाही. म्हणूनच ड्रीमलायनरच्या पोटात अधिक दाबाची व अधिक ओलसर हवा ठेवता येते. जुन्या विमानांतील उतारू आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखा असे, हा सहा हजार फुटांवर बसतो. अमरावतीकरांच्या भाषेत सांगावयाचे तर चिखलदऱ्याच्या दीडपट उंचीवर. २०१० साली या विमानाचे पंख कारखान्यात दीडपट भाराने ताणले, तेव्हा त्यांची टोके सुमारे पंचवीस फूट वर वाकली आणि मोडली नाहीत.

अडचणीही आहेत. कार्बन व अॅल्युमिनिअम एकमेकांस लागून बसविले आणि त्यांत ओल शिरली, तर विजेच्या घटाप्रमाणे क्रिया होऊन अॅल्युमिनिअम खाल्ले जाते. म्हणून अशा जागी महाग टायटॅनिअम वापरावे लागते. धातूवर पडलेली वीज कातडीवरून वाहून जाते, कार्बनमध्ये तितक्या सहज वाहत नाही; म्हणून वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी पुरावी लागते. या गोष्टी गणिताने व पैशाने सुटणाऱ्या आहेत.

न सुटणारी गोष्ट एक आहे. कार्बन आपले दुखणे लपवितो. विमानतळावर सामान चढविणारी गाडी मागे येताना धातूच्या विमानास लागली, तर पोचा पडतो व तो आंधळ्याच्याही हातास लागतो. तीच धडक कार्बनच्या कातडीस बसली, तर ती आत दबते आणि पुन्हा पूर्ववत् होते. वरून रंगही उडालेला नसतो. आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असतात. लाकडाचा जुना अवगुण फिरून घरी आला, असे म्हणावे लागते. हे जाणूनच विमान असे बांधतात की, जेमतेम दिसेल न दिसेल एवढी इजा आयुष्यभर अंगावर बाळगूनही त्याने पुरा दीडपट भार सोसावा. परंतु त्याहून मोठी धडक बसली असेल, तर ती कोणी तरी सांगितली पाहिजे. आणि ती ज्याने मारली, त्याच्याशिवाय पुष्कळदा दुसऱ्या कोणास ठाऊकच नसते.

येथे मला माझीच एक चूक सांगू द्या. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जो काच फोडील त्याने पैसे भरावे, असा माझा कडक नियम होता. त्यामुळे काच फुटत नसे, निदान माझ्या वहीत तरी. एके दिवशी एका गरीब मुलाने तडकलेला चंबू मुकाट्याने कपाटात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या मुलाच्या हातात तापविताना फुटला व त्याचे मनगट भाजले. पहिला मुलगा रडत येऊन सर्व बोलला. मी त्याला काय शिक्षा करणार? चंबू त्याने फोडला, पण लपविला माझ्या नियमाने. त्या दिवशी दंड बंद झाला. चांगल्या विमानकंपन्यांत आज हीच रीत असते, की विमानास धक्का लागल्याचे आपण होऊन सांगणाऱ्या हमालास वा ड्रायव्हरास शिक्षा करीत नाहीत. ज्या विमानतळावर रोजंदारीवरील माणसाला असे सांगितल्याने उद्याची मजुरी जाईल अशी धास्ती असेल, तेथे उत्तमातील उत्तम कार्बनही उतारूंचे रक्षण करील, असे मला वाटत नाही.

ज्या इजेचा संशय आला ती शोधण्याची साधने मात्र आहेत. श्रवणातीत ध्वनिलहरी थरांत सोडून त्यांचा परत येणारा पडसाद यंत्रावर पाहतात. आणि दुसरे एक साधन आहे, ते ऐकून धारणीच्या आठवडी बाजारातील बायका हसतील. पातळ थरांच्या भागावर तंत्रज्ञ एक नाणे किंवा लहानशी हातोडी घेऊन टकटक करीत जातो. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर खाली थर सुटला आहे असे समजून तेथे खडूने वर्तुळ काढतो. मडके वाजवून घ्यावे, ही आमची आजीबाईंची विद्या आकाशयानाच्या कारखान्यात मान्यता पावली आहे!

जळण्याबद्दलही लोक विचारतात, कारण राळ ही जळणारी. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना एक ए-३५० विमान किनारा-रक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले व पेटले. लहान विमानातील सहांपैकी पाच जण दुर्दैवाने गेले. मोठ्या विमानातील तीनशे एकोणऐंशी माणसे मात्र सर्वच्या सर्व उतरली. हातपिशव्या सोडून, रांगेने, सेवकांचे ऐकून. विमान नंतर तासन्‌तास जळून राख झाले. परंतु त्याच्या धडाने माणसे बाहेर पडेपर्यंत आग आत येऊ दिली नाही.

अहमदाबादेचे नाव काढल्यावाचून आज हा विषय कोणासही बोलता येणार नाही. १२ जून २०२५ रोजी तेथे ड्रीमलायनर पडले, विमानातील दोनशे बेचाळीसांपैकी एकच वाचला व जमिनीवरीलही एकोणीस माणसे गेली. आपल्या महाराष्ट्रातील अनेक घरांत त्या दिवशी दिवा लागला नाही. जुलै महिन्यात प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालाप्रमाणे उड्डाणानंतर क्षणार्धात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटला होता. तो अहवाल सांगाडा मोडल्याचे म्हणत नाही. तेव्हा त्या दुर्घटनेवरून कार्बनच्या कातडीला दोष देणे योग्य होणार नाही. तथापि याच जातीच्या विमानांबाबत दुसरी एक गोष्ट घडली होती, तीही दडवून ठेवू नये. धडाचे भाग जेथे सांधतात, तेथील फटी एका इंचाच्या हजारात पाच भागांहून, म्हणजे जाड कागदाएवढ्या जाडीहून, अधिक असू नयेत असा दंडक होता. काही विमानांत त्या अधिक भरल्या. मे २०२१ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत नवी विमाने गिऱ्हाइकांना देणे त्यामुळे थांबले. कागदाएवढी फट, आणि सव्वा वर्ष खोळंबा! व्यापाऱ्यास हा अतिरेक वाटेल. मला तर ती सव्वा वर्षे या सगळ्या इतिहासातील समाधानाची वाटतात. कारण फट कोणी तरी मोजली, आणि मोजलेली सांगितली.

मावशी मुंबईस जाऊन आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सर्व हकीकत सांगितली: ढग, चहा, पट्टा. आणि मग हळूच म्हणाल्या, "म्या वाजवून पाह्यलं गुर्जी. खिडकीपाशी. बरं वाजलं."

मी त्यांना सांगितले की, त्यांनी वाजविले ते विमान नव्हते. ते आतले अस्तर, प्लास्टिकचे. खरी कातडी त्याच्या पलीकडे असते. मावशी क्षणभर खट्टू झाल्या.

"मंग खरं कोन वाजवते?"

मी म्हटले, प्रत्येक उड्डाणाआधी एक वैमानिक खाली उतरून विमानाभोवती पायी फेरी घालतो, पंख, चाके, पोट डोळ्यांनी पाहत. आणि रात्री गाव झोपलेले असताना तंत्रज्ञ विजेरी घेऊन त्याच्याखाली आडवे झालेले असतात.

"पुढच्या खेपेले लवकर जाईन," मावशी म्हणाल्या, "आन् थो फेरी घालते का नाई, थे खिडकीतून पाह्यीन."